ध्वनिमुद्रकालाही रेकीला न्या

चित्रीकरणाच्या खर्चात काटकसर सुचवणारा आपल्या अंकातील लेख वाचला. बहुतेक सूचना पटल्या. मात्र ‘आवाज नंतर दुरुस्त करता येतो’ हे त्यातील गृहीतक एक स्वतंत्र लोकेशन ध्वनिमुद्रक म्हणून मला मान्य नाही.

बोलणाऱ्यापासून माइकचे अंतर दुप्पट झाले, की मोकळ्या जागेत त्याच्या आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने घटते. दूरवरच्या जनरेटरची घरघर मात्र जवळपास तेवढीच राहते आणि संवादावर चढते. अगदी हळू ते अगदी मोठा आवाज टिपणाऱ्या ३२-बिट फ्लोट रेकॉर्डरमुळे मोठा आवाज फाटण्याचा धोका बराच कमी झाला, हे खरे. पण संवादात मिसळलेला गोंगाट किंवा रिकाम्या खोलीचा घुमारा हा रेकॉर्डर वेगळा काढत नाही. सॉफ्टवेअरने गोंगाट कमी करता येतो, पण मर्यादेपलीकडे गेले की आवाजाचा पोतच हरवतो. डबिंगला, म्हणजे संवाद नंतर पुन्हा बोलून घ्यायला, स्टुडिओचे भाडे लागते, कलाकारांच्या तारखा लागतात आणि रडताना अडखळलेला श्वास तिथे पुन्हा सापडेलच असे नाही. माहितीपटात तर तीही सोय नसते.

स्वतंत्रपणे काम करणाऱ्या ध्वनिमुद्रकाला अनेकदा आदल्या रात्री फोन येतो आणि जागा थेट सकाळी दिसते. तोवर कॅमेऱ्याची आखणी झालेली असते. त्याला रेकीला, म्हणजे चित्रीकरणाआधी जागा पाहायला, न्यावे आणि त्या दिवसाचे मानधनही द्यावे. जनरेटर कुठे ठेवायचा, कोणते पंखे बंद करता येतील, हे तेव्हाच ठरवता येते.

– एक ध्वनिमुद्रक