फरशी चकचकीत, पण शिकवलेले कळते का?

महोदय,

शाळा दुरुस्तीचा निधी आला की कामांची यादी जणू ठरलेलीच असते: भिंतींना खांद्यापर्यंत टाइल्स, वर ऑइलपेंट, पीव्हीसीचे छत आणि एक डिजिटल फलक. फोटो झकास येतो. शिकवायला उभे राहिले की मात्र बोललेला शब्द खोलीत घुमत राहतो आणि पुढचा शब्द त्याच्यातच बुडतो. स्वर रेंगाळतात, व्यंजने विरतात. मागच्या बाकावरचे पोर श्रुतलेखनात ‘पाठ’ऐवजी ‘पाट’ लिहिते, आणि ‘लक्ष नसते’ म्हणून बोलणी खाते.

यावरचे शास्त्र सव्वाशे वर्षांचे जुने आहे. हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग कलासंग्रहालयातील व्याख्यानगृहात बोललेले समजत नव्हते. १८९५ मध्ये ते सुधारण्याचे काम वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकाकडे आले. दुसऱ्या सभागृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री आणून, मांडून त्याने आवाज विरायला लागणारा वेळ मोजला. मोकळ्या खोलीत तो साडेपाच सेकंदांच्या आसपास होता! खोलीचा आकार आणि आवाज शोषणाऱ्या वस्तू यांवरून हा वेळ सांगणारे, त्यातून निघालेले सूत्र आजही वापरतात.

त्याच सूत्राने आपली ७ बाय ६ मीटरची, साडेतीन मीटर उंच खोली ताडून पाहिली. गुळगुळीत गिलाव्याची रिकामी खोली सुमारे साडेचार सेकंद घुमते. ४० मुले बसली तरी सव्वा-दीड सेकंद. अमेरिकेतील वर्गखोल्यांच्या मानकानुसार एवढ्या रिकाम्या खोलीत हा वेळ ०.६ सेकंदाहून जास्त नको. त्यासाठी छताखाली रॉकवूलचे (दगडी लोकरीचे) किंवा लाकडी तंतूंचे, आवाज शोषणारे बोर्ड आणि मागच्या भिंतीवर थोडे, एवढ्याने बहुतेक काम भागते. पीओपी वा पीव्हीसीने भागत नाही, ते आवाज परत फेकतात.

खिडक्या उघडल्या तर घुमणे कमी होते हे खरे, पण रस्त्यावरचे हॉर्न आत येतात. शाळेभोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रातही दिवसा ५० डेसिबलची मुभा आहे, तर जागतिक आरोग्य संघटना वर्गात ३५ डेसिबलच सुचवते. पत्र्याच्या छपरावर पाऊस कोसळू लागला की सगळेच आकडे धुऊन जातात. काही शाळा यावर माइक आणतात. घुमणाऱ्या खोलीत माइक घुमणेही मोठे करतो.

जिल्हा परिषदेच्या अंदाजपत्रकात शोषक छताची एक ओळ घालावी, टाइल्स थोड्या कमी केल्या तरी चालेल. आणि काम ताब्यात घेताना अभियंत्याने खोलीच्या मधोमध एक टाळी वाजवावी. ती रेंगाळली, तर बिल थांबवावे.

– एक निवृत्त शिक्षक, सातारा