तो देवदार नव्हे, शुक्पा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला हिमाचल प्रदेशातल्या लाहौलच्या प्रवासावरचा लेख आवडीने वाचला. चंद्रा आणि भागा या नद्यांच्या खोऱ्यांचे वर्णन छान उतरले आहे. पण दोन गोष्टी खटकल्या, आणि त्यातली दुसरी तर इतकी, की पत्र लिहिल्यावाचून राहवले नाही.

पहिली गोष्ट फोटोची. त्याखाली ‘केलाँगजवळचे देवदार’ असे छापले आहे (केलाँग हे लाहौलचे मुख्य गाव). देवदाराच्या फांदीवर सुयांचे झुबके असतात आणि मुठीएवढे शंकू, म्हणजे बी धरणारी खवल्यांची बोंडे, ताठ उभे असतात. फोटोतल्या डहाळ्या नीट पाहाव्यात. त्यांवर खवल्यांसारखी बारीक पाने एकमेकांवर दाबून बसवली आहेत, बागेतल्या मोरपंखीची आठवण व्हावी अशी, आणि मधूनमधून निळसर दाणे दिसतात. हा जुनिपर आहे. लडाखपासून लाहौलपर्यंत त्याला शुक्पा म्हणतात, लाहौलमध्ये शुरही म्हणतात. शास्त्रीय नाव जुनिपेरस पॉलिकार्पोस. जुन्या पुस्तकांत तो जुनिपेरस मॅक्रोपोडा म्हणून सापडेल. इंग्रजीत त्याला ‘हिमालयन पेन्सिल सीडर’ म्हणतात आणि देवदार म्हणजे ‘हिमालयन सीडर’. चूक बहुधा तिथेच झाली असावी.

ते निळसर दाणे म्हणजे खरे तर फळ नव्हे. तो शंकूच, फक्त त्याचे खवले मांसल होऊन एकमेकांना चिकटलेले. वर मेणाचा पातळ थर असतो. बोटाने पुसला की खालचा गडद जांभळा रंग दिसतो. नर आणि मादी झाडे बहुतेक वेगवेगळी असतात, त्यामुळे एखादे झाड दाण्यांनी लगडलेले आणि शेजारचे कोरडे, असे दिसले तर ते आजारी आहे असे समजू नये. दाणा पिकायला दुसरे वर्ष उजाडते. आतले बी टणक असते, बरेचसे पोकळ निघते आणि जे भरलेले असते तेही लवकर रुजत नाही. पांढऱ्या पंखांचा ग्रोसबीक नावाचा जाड चोचीचा पक्षी तर हे बी फोडूनच खातो. गर खाऊन बी अख्खे टाकणाऱ्या कस्तुरासारख्या पाखरांवर या झाडाची खरी भिस्त. एवढ्या सगळ्यातून वाचलेले बी मातीत पडले, तरी लाहौल पीर पंजाल पर्वतरांगेच्या पलीकडे, पर्जन्यछायेत. तिथे पाण्याचा मोठा वाटा हिवाळ्यातल्या बर्फाचा. आणि शुक्पा उभा असतो तो उन्हाच्या बाजूच्या कोरड्या, दगडाळ उतारांवर. त्यामुळे म्हातारी झाडे पुष्कळ आणि रोपे फार थोडी, हे चित्र तिथे जागोजागी दिसते.

दुसरी गोष्ट शेकोटीची. लेखकाने लिहिले आहे की तंबूजवळ ‘वाळकी लाकडे’ गोळा करून पेटवली आणि रात्रभर मंद सुगंध दरवळत राहिला. तो सुगंध शुक्पाचा होता. त्या उतारावर जे वाळके दिसते ते नेहमी मेलेले असतेच असे नाही. केलाँगच्या वरच्या अंगाला मी एका जुन्या झाडापाशी बराच वेळ बसलो होतो. बुंधा दोघांच्या कवेत मावणार नाही एवढा, पिळवटलेला, राखाडी, साल कधीच गळून गेलेली. मेले म्हणून मी हात टेकला, तर पाठीमागच्या बाजूला तळहाताएवढ्या रुंदीची लालसर सालीची एकच पट्टी मुळापासून वर गेलेली, आणि त्या पट्टीच्या टोकाला एक हिरवी फांदी, दाण्यांनी भरलेली. हे झाड असेच जगते. दुष्काळात, थंडीत जेवढे पोसता येत नाही तेवढे सोडून देते आणि उरलेल्यावर शेकडो वर्षे काढते. कुऱ्हाड घेऊन आलेल्या माणसाला पुढची राखाडी बाजू तेवढी दिसते.

जे खरोखरच मेलेले असते, त्याचेही मोल आहे. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी लाहौलच्या याच झाडांच्या खोडातली वार्षिक वलये एकमेकांशी जुळवून सलग १५८४ वर्षांची मालिका तयार केली. ती २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. इ. स. ४२० ते २००३. विदर्भात वाकाटक राज्य करत होते तेव्हापासूनचे प्रत्येक वर्ष त्या लाकडात आहे: ओलाव्याच्या वर्षी रुंद वलय, कोरड्या वर्षी केसासारखे बारीक. अशी मालिका मागे न्यायची तर जुने, पडलेले ओंडकेही उपयोगी पडतात. थंडीत दोन तास ऊब हवी म्हणून आपण काय जाळतो, हे वाचून मला खरोखर वाईट वाटले.

गावकरीही शुक्पा जाळतात, हे खरे. सकाळी घराघरातून आणि गोम्पातून, म्हणजे बौद्ध मठातून, त्याचा धूर निघतो. पण तो मूठभर हिरव्या पानांचा धूप असतो. मी ज्यांच्याकडे उतरलो होतो ते गृहस्थ डहाळीचे टोक नखाने खुडायचे, फांदीला धक्का न लावता. त्यांनी मला घरामागच्या काटेरी झुडपात आपोआप उगवलेले एक रोप दाखवले. कोवळेपणी याची पाने टोचरी, सुईसारखी असतात. खवले पुढे येतात. मुलगी जन्मली त्या वर्षी ते त्यांच्या नजरेस पडले होते. मुलगी आता सातवीत आहे. रोप माझ्या गुडघ्याला लागत नव्हते.

३ ऑक्टोबर २०२० ला अटल बोगदा सुरू झाल्यापासून मनालीहून लाहौलला जाणे अगदी सोपे झाले आहे, आणि आपल्याकडची कितीतरी मंडळी असे लेख वाचून बेत आखतात. म्हणून विनंती, की पुढच्या पुरवणीत फोटोओळ दुरुस्त करावी, आणि त्याच चौकटीत एवढे छापावे: लाहौलमध्ये मुक्काम करणाऱ्यांनी स्वयंपाकासाठी गॅसची शेगडी आणि उबेसाठी जादा पांघरूण बरोबर न्यावे, उतारावरचे वाळके लाकूड उचलू नये.

आपला,
एक नियमित वाचक