कृष्णधवल छायाचित्रातले कुंकू कुठे जाते?

महोदय,

आपल्या दैनिकाच्या आतील पानांवर जत्रांची, शिगमोची आणि पावसाळी निसर्गाची छायाचित्रे कृष्णधवल छापली जातात. मूळ छायाचित्रे रंगीत असतात हे उघड आहे. मात्र ती कृष्णधवल करताना संगणकावर एक बटण दाबण्यापलीकडे फारसे काही होत नसावे, असे ती पाहताना वाटते. प्रदर्शनांतही हाच प्रकार दिसू लागल्याने हे पत्र लिहीत आहे.

रंग काढला की उरतो तो केवळ उजेडाचा फरक. चिऱ्याची भिंत तांबडी, तिच्यावर उगवलेले नेचे हिरवे, म्हणून डोळ्यांना दोन्ही स्वच्छ वेगळे दिसतात. उजेडाच्या हिशेबाने मात्र दोहोंत फारसे अंतर नसते आणि सरसकट रूपांतरात भिंत व पाने एकाच करड्या लगद्यात मिसळतात. रूपांतराच्या प्रचलित सूत्रांपैकी एकात तांबड्याला सुमारे ३०, हिरव्याला ५९ आणि निळ्याला ११ टक्के वजन दिलेले असते. मानवी डोळ्याच्या संवेदनेवर बेतलेले हे सूत्र चुकीचे नाही. पण समोरच्या चौकटीत काय महत्त्वाचे आहे, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. ते छायाचित्रकारानेच ठरवावे लागते. फोटोशॉपमध्ये २००७ च्या सीएस३ आवृत्तीपासून प्रत्येक मुख्य रंगाचा उजेड कमीजास्त करणारी वेगळी सरकपट्टी आहे आणि आता मोबाइलवरील काही ॲपमध्येही ती सोय मिळते; काहींत नारिंगीसाठीही पट्टी असते. तांबडा वर नेला की चिऱ्याची छिद्रे न् छिद्रे उघडी पडतात आणि पाने मागे सरतात. पाने उजळायची असतील, तर हिरव्यापेक्षा पिवळी पट्टी जास्त उपयोगी पडते, कारण पानांच्या हिरव्या रंगात पिवळ्याचा अंश बराच असतो. हे ठाऊक नसल्याने अनेक जण हिरवी पट्टीच ओढत बसतात.

आकाशाचेही तसेच. अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स यांनी १९२७ साली तिथल्या योसेमिटी खोऱ्यातील हाफ डोमचा कडा आधी पिवळ्या आणि मग गडद तांबड्या फिल्टरमधून टिपला, तेव्हा दुसऱ्या छायाचित्रात आकाश जवळजवळ काळे उतरले. पणजीच्या चर्चची पांढरी दर्शनी बाजू डिसेंबरच्या निळ्या आकाशावर उठून दिसावी म्हणून निळा खाली ओढणे योग्यच; पण पणजीच्याच फोंताइन्यश या जुन्या, रंगीत घरांच्या वस्तीत तसे करताना निळीने रंगवलेले घरही आकाशाबरोबर काळवंडते, हे ध्यानात ठेवले पाहिजे. आषाढातल्या करड्या आभाळात मुळात निळा नसतोच, त्यामुळे तिथे तो कितीही ओढला तरी पदरात बहुधा दाणेदारपणाच पडतो.

माझा मुख्य आक्षेप माणसांच्या छायाचित्रांबद्दल आहे. आपल्याकडच्या त्वचेच्या रंगात तांबडा आणि नारिंगी जास्त असल्याने या दोन पट्ट्या वर नेल्या की चेहरा गुळगुळीत आणि गोरा होतो, आणि बहुतेकांना तेवढ्यावरच समाधान वाटते. पण त्याच वेळी कपाळावरचे कुंकूही उजळून त्वचेत विरघळते, केसांतली अबोली फिकी पडते आणि उन्हात राबलेल्या मासेविक्रेत्या बाईच्या गालावरच्या सुरकुत्या पुसल्या जातात. जुन्या काळी फिल्मऐवजी कॅमेऱ्यात घालत त्या कित्येक काचांना तांबडा रंग दिसतच नसे, म्हणून त्या काळच्या छायाचित्रांत कुंकू ठसठशीत काळे उमटलेले दिसते. तेवढे टोक गाठायला नको. तांबडा थोडा खाली आणि नारिंगी आहे तिथेच ठेवला, तरी कुंकू राहते आणि चेहराही. सावळ्या माणसाला गोरे करणे हा रूपांतराचा हेतू असू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. (सगळे करडे करून एकटे कुंकू तांबडे ठेवण्याची जी टूम आहे, तिच्याविषयी न लिहिलेलेच बरे.)

शेवटी छपाई. वृत्तपत्राचा कागद मुळात पांढराशुभ्र नसतो आणि त्यावर शाई पसरते, त्यामुळे पडद्यावर खोल आणि सुंदर वाटणारी सावली छापल्यावर नुसता डाग होते. मंदिराच्या गाभाऱ्यातील किंवा नरकासुराच्या मिरवणुकीतील छायाचित्रांची हीच गत होते. म्हणून छपाईसाठीचे रूपांतर पडद्यावरच्यापेक्षा वेगळे, सावल्या थोड्या उघडून केलेले असावे.

आपण छायाचित्रकारांकडून रंगीत फाइलसोबत त्यांनी स्वतः केलेले कृष्णधवल रूपांतरही मागवावे आणि आतील पानांवर तेच छापावे, अशी विनंती आहे. स्पर्धांच्या आयोजकांनीही परीक्षकांसमोर दोन्ही फाइल ठेवल्यास कोणी विचार करून काम केले आहे, हे त्यांना लगेच कळेल.

आपला,
एक वाचक, फोंडा