दोष तारेत, शिक्षा होम थिएटरला

महोदय,

संवाद नीट ऐकू येत नसतील तर जुनं होम थिएटर बदलावं, अशा आशयाचा लेख आपल्या पुरवणीत वाचला. नवं काय घ्यावं हे त्यात तपशिलाने आहे. जुन्याचं नेमकं काय बिघडलंय ते कसं शोधायचं, यावर मात्र एक ओळही नाही. मी स्वतः नुकताच एक धडधाकट संच भंगारात काढणार होतो, म्हणून हे पत्र.

आमच्याकडे रिसीव्हर (आवाज घेऊन तो स्पीकरांना वाटून देणारी पेटी), पाच स्पीकर आणि एक सबवूफर (खर्जाचा स्पीकर) असा संच अकरा वर्षं विनातक्रार चालला. मग जुना टीव्ही गेला. नवा बसवायला आलेल्याने टीव्ही आणि रिसीव्हर एका एचडीएमआय केबलने जोडून दिले, आणि त्या दिवसापासून पडद्यावरची माणसं पुटपुटायला लागली. पाऊस, गाड्या, पार्श्वसंगीत सगळं खणखणीत. कुणी बोलायला लागलं की आवाज पोकळ, कुठून येतोय तेच कळेना. मी रिमोट हातात धरूनच बसायचो. संवादाला आवाज वाढव, मारामारीला कमी कर. सौ.ला वाटलं माझे कान गेले. तपासून आलो, वयाच्या मानाने ठीक आहेत. शेवटी एका तंत्रज्ञाला बोलावलं. त्याने पाच मिनिटांत निकाल दिला: रिसीव्हर जुना झालाय, साउंडबार (टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर) घ्या.

मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. रिसीव्हर म्हातारा झाला असेल तर सगळाच आवाज बिघडायला हवा, नेमका माणसांचाच कसा, हा प्रश्न काही मला सोडेना.

पहिला धागा रिसीव्हरच्या डोळ्यासमोरच्या पट्टीवर होता. तिथे पूर्वी 'डॉल्बी डिजिटल' हे पाच वाटांच्या, म्हणजे पाच स्पीकरांसाठी वेगवेगळ्या आवाजाचं नाव उमटायचं, आता 'पीसीएम' उमटत होतं. म्हणजे टीव्ही पाच वाटांचा आवाज दोन वाटांत कोंबून पुढे पाठवत होता. मधल्या स्पीकरला कान लावला तर तो पूर्ण मुका. एरवी चित्रपटातले बहुतेक संवाद त्याच्याच तोंडी असतात! कुठलंही यंत्र जोडलं तरी आवाज निघावा म्हणून हा सोपा पर्याय आधीपासून निवडलेला असावा. टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आवाजाचा पर्याय 'पीसीएम'वरून 'ऑटो'वर नेला (काही टीव्हींत त्याला 'बिटस्ट्रीम' म्हणतात) आणि मधला स्पीकर बोलायला लागला. या कामाला अर्धं मिनिट लागलं. मेन्यूच्या पोटातून तो पर्याय हुडकायला एक संध्याकाळ.

इथे थांबलो असतो तरी चाललं असतं. पण दोन वाटांच्या आवाजातही संवाद स्वच्छ ऐकू यायला हवेत, लाखो लोक तसेच ऐकतात. मग आमच्याकडेच ते पोकळ का? रिसीव्हरचा चाचणी आवाज एकेका स्पीकरमधून वाजवून पाहिला, प्रत्येक जण ठणठणीत. इथे शिक्षक जागा झाला. दोन वाटांत संवाद डाव्या-उजव्या स्पीकरमधून एकसारखा येतो. त्यातल्या एकाच्या लाल-काळ्या तारा उलट जोडल्या असतील तर एकाचा पडदा (स्पीकरमधला थरथरणारा भाग) पुढे जाताना दुसऱ्याचा मागे जाणार, शृंगावर गर्त येणार आणि आवाजाचा भरदार भाग एकमेकांना खाऊन टाकणार. पाऊस आणि संगीत दोन्हीकडे वेगवेगळं असतं, म्हणून ते वाचतं. सबवूफरकडे जाणारा खर्ज रिसीव्हरच्या आतच वेगळा निघतो, त्यालाही या उलट्या तारांचा त्रास नाही. आणि एकेकटा वाजवला तर उलटा स्पीकरही सुलट्यासारखाच वाजतो.

खात्री करायला डाव्या-उजव्या स्पीकरच्या तारा रिसीव्हरकडून सोडवल्या, पुढच्या जाळ्या काढल्या आणि दीड व्होल्टचा सेल तारांना क्षणभर टेकवला. धन टोक लाल खुणेच्या तारेला असेल तर पडदा पुढे यायला हवा. उजव्याचा आला. डाव्याचा आत गेला. हे व्यतिकरण मी फळ्यावर किती वेळा काढलं असेल, आणि अकरा वर्षांपूर्वी त्या तारा जोडणारा मीच! इतकी वर्षं मधला स्पीकर संवाद सांभाळत होता, म्हणून माझी चूक झाकली गेली.

तारा सुलट केल्यावर एक किरकोळ गोष्ट राहिली होती: ओठ हलण्याच्या किंचित आधी शब्द यायचा. टीव्ही चित्रावर प्रक्रिया करण्यात वेळ घालवतो, तेवढा वेळ आवाजाला रोखण्याची सोय रिसीव्हरमध्ये असते. ते जमलं.

आता नवं घेण्याविषयी. लेखात ईएआरसी नसलेला संच कालबाह्य ठरवला आहे, ते मला पटलं नाही. एचडीएमआयमधून टीव्हीचा आवाज उलटा रिसीव्हरकडे पाठवण्याची एआरसी ही सोय २००९ साली आली, ईएआरसी ही तिचीच सुधारित आवृत्ती २०१७ च्या एचडीएमआय २.१ सोबत. तिची खरी गरज डिस्कवरचा दर्जा न गमावलेला बहुवाटांचा आवाज टीव्हीमार्गे न्यायचा असेल तेव्हा. ज्यांचं पाहणं इंटरनेटवरून येतं, त्यांना पाच वाटांच्या आवाजासाठी साधी एआरसी पुरते. वॅटच्या आकड्यांचंही तसंच. पन्नासाचे शंभर वॅट केले तर फरक तीन डेसिबलचा, कानाला जेमतेम जाणवणारा. मी खर्च न करता दोन गोष्टी केल्या: मधला स्पीकर कपाटाच्या खणातून कडेपर्यंत पुढे ओढून कानांच्या दिशेने तिरका केला, आणि समोरच्या उघड्या भिंतीवर जाड पडदा लावला. रिसीव्हर बदलण्याने इतका फरक पडला असता असं मला वाटत नाही. पुढे कधी काही घेतलंच तर डाव्या-उजव्याच्याच मालिकेतला थोडा मोठा मधला स्पीकर घेईन.

आपल्या पुरवणीत खरेदीच्या चौकटीशेजारी तपासणीची एक छोटी चौकट छापता येईल का? आणि टीव्ही बनवणाऱ्यांनी पहिल्यांदा सुरू करतानाच 'बाहेरचे स्पीकर जोडले आहेत का?' एवढं विचारलं, तरी बरेच रिसीव्हर भंगारात जाण्यापासून वाचतील.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक

ता. क. : काही वाहिन्यांचा आवाज मुळातच दोन वाटांचा असतो. तिथे टीव्हीची सेटिंग बदलून काही होत नाही. रिसीव्हरवर 'प्रो लॉजिक' किंवा 'डॉल्बी सराउंड' निवडा. दोन्ही वाटांत जे समान आहे ते तो मधल्या स्पीकरकडे वळवतो. हे मला पत्र लिहून झाल्यावर सौ.ने शोधून दाखवलं.