डेहराडूनला रुजू झालो, नाना

हाथीबडकला, डेहराडून

तीर्थरूप नाना आणि माय,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर माय एकच विचारत राहिली, "घर कव्हय येशी?" आणि नाना, तुम्ही फोन हातातच घेतला नाही. म्हणून लिहितो आहे. देशाचे नकाशे काढणाऱ्या सर्व्हे ऑफ इंडियाच्या नोकरीवर मी सोमवारी रुजू झालो. मिलिटरीतून पेन्शन आल्यावर बापू शेत बघेल, असं तुम्ही पारावर सगळ्यांना सांगून ठेवलंय, ते मला ठाऊक आहे. तरी राग न धरता पूर्ण वाचा.

पेन्शनीत घर चाललं असतं. पण सोनूचं इंजिनिअरिंग पुढ्यात आहे आणि कापसाच्या भावावर ते सोडता येत नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत. माझ्या बरोबरीचे कितीतरी जण पेन्शन आल्यावर बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभे राहिले. ते काम हलकं नाही. पण खडकीला सॅपर, म्हणजे इंजिनिअर पलटणीतला शिपाई, म्हणून भरती झालेल्या पोराला मिलिटरीनं मोजणी शिकवली, नकाशा शिकवला, ती विद्या हातातून सोडवेना.

शिपाई गडी कागदात काय करील, असं तुम्ही म्हणालात, आत्यानं सांगितलं. नाना, हा रस्ताच शिपायानं पाडलेला आहे. लॅम्बटन नावाचा इंग्रज पलटणीतला अधिकारी, १७९९ मध्ये टिपूविरुद्ध श्रीरंगपट्टणला लढला. तिथे रात्री कूच करताना आपली तुकडी चुकून शत्रूच्याच दिशेनं चाललीय, हे त्यानं नुसत्या ताऱ्यांवरून ओळखलं. पुढे १८०२ मध्ये मद्रासजवळ त्यानं जमिनीवर एक सरळ रेषा मोजली आणि तिच्यावर त्रिकोणाला त्रिकोण जोडत देश मोजत निघाला. कोन मोजायचं त्याचं थिओडोलाइट अर्ध्या टनाचं होतं. हेच करत करत म्हातारा झाला आणि १८२३ मध्ये मुक्कामावरच गेला. कुठे, तर हिंगणघाटला. तुम्हाला ते गाव कापसामुळे माहीत, मला त्याच्यामुळे.

माय, हे वाचून घाबरू नकोस. आता ते दिवस नाहीत. जागा उपग्रहावरून कळते, सोबत माणसं असतात, गाडी असते. बर्फातल्या पोस्टवर होतो तेव्हा तू रात्र रात्र जागायचीस, तसं इथे काही नाही. क्वार्टर पक्कं आहे, गिझर आहे, स्वेटर दोन आहेत. सुनीता कळण्याची भाकरी करते, पिठाचा डबा अजून अर्धा आहे. भरीताची वांगी मात्र आपल्यासारखी मिळत नाहीत.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. फील्डचं काम बहुतेक थंडी-उन्हाळ्यात चालतं. पावसाळ्यात ऑफिसात बसून ते कागदावर आणायचं. म्हणजे श्रावणात रजा मिळते. मिलिटरीत असताना कानबाईच्या सणाला किती वेळा चुकलो, ते तू मोजलंच असशील. यंदा नागपंचमीनंतरच्या रविवारी मी घरी आहे. रोटाच्या प्रसादासाठी माझ्या नावाचे गहू धरूनच दळ.

पहिल्याच आठवड्यात आपल्या भागाच्या नकाशाची शीट काढून बघितली, तिचा नंबर ४६ ओ. अमळनेर, धरणगाव, चोपडा, सगळं तिच्यात. एकास पन्नास हजार प्रमाणाच्या शीटवर दोन सेंटीमीटर म्हणजे आपला एक किलोमीटर. सातपुड्याकडे तपकिरी रेषा दाटीनं येतात. माय, पाझर तलाव आटत जातो तेव्हा काठावर एकाखाली एक रेघा राहतात ना, तशाच त्या, एका रेघेवर सगळीकडे सारखीच उंची. निळा रंग पाण्याला. नदी वर्षभर वाहत नसेल तर तिचे काठ काळ्या शाईनं काढतात. बोरीच्या काठावर बोट ठेवून बराच वेळ बसलो. आखाजीच्या सणाला मामाकडे जाताना तू मला कडेवर घेऊन त्या तापलेल्या वाळूतून चालायचीस, तुझे पाय भाजायचे आणि मला म्हणायचीस, आलंच आता. आणि नाना, आबांशी बांधाचा तंटा झाला तेव्हा सुंभाच्या दोरीला गाठी मारून तुम्ही मला दुसऱ्या टोकाला उभं केलं होतं. दोरी ताणून धर, म्हणालात. माझी पहिली मोजणी ती.

त्यावरून आठवलं. गावठाणावर ड्रोन उडालं तेव्हा तुम्ही उन्हात उभं राहून घराभोवती चुना टाकून घेतला होता. ती स्वामित्व योजना आमच्याच खात्याच्या मदतीनं चालते. आता घराची सनद घेऊन या. घेताना क्षेत्र आणि चतुःसीमा वाचून बघा, मागच्या गोठ्याची भिंत आपल्यात धरली आहे का ते बघा. चूक दिसली तर भांडू नका, भूमी अभिलेखात अर्ज द्या, मी लिहून पाठवतो. शेताचा यात काही संबंध नाही, सातबारा आहे तसाच आहे.

शेत दिलीपला निमबटाईनं द्या. मी त्याच्याशी बोललो आहे. जमीन तुमचीच आहे आणि बांधावर उभं राहून त्याला चार शब्द सुनवायचा हक्कही तुमचाच. फक्त रात्रपाळीची लाईट आली म्हणून मोटार चालू करायला तुम्ही जायचं नाही. बिबट्याचं तुम्हाला सांगायला नको. दिलीप जाईल.

मायची साखर महिन्याला तपासायचीच. गोळी उपासालाही चुकवायची नाही, आणि उपास करायचेच असतील तर आधी डॉक्टरांना विचारायचं. नाना, मोतीबिंदूचं दिवाळीनंतर म्हणू नका. माजी सैनिकांच्या दवाखाना योजनेची, ईसीएचएसची, कार्डं कपाटात वरच्या खणात, लाल पिशवीत आहेत. तारीख ठरवा, मी रजा टाकतो.

थंडी सुरू व्हायच्या आत दोघं इकडे या. भुसावळहून दिल्लीपर्यंत झेलमचं खालचं बर्थ काढतो, दिल्लीला मी घ्यायला उभा राहीन. येताना सामान उचलू नका, पीठसुद्धा नको. आणि पुढच्या वेळी फोन केला की नाना, तुम्हीच उचला.

तुमचा,
बापू