आमच्या पहाटेच्या बॅचच्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. तुम्ही वयाने माझ्या लेकीएवढ्या, पण वजनं उचलायचा व्यायाम शिकवलात म्हणून ताईच म्हणते. तोंडावर आभार मानायला गेलं की "काकू, पुढचा सेट लावा" म्हणून विषय संपवता. म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे.

व्यायाम करा म्हटलं की यावल-रावेरकडच्या आम्हा बायकांचं उत्तर ठरलेलं असतं : दिवसभर शेतात राबतो, तो व्यायामच की! तुम्ही ते हसण्यावारी नेलं नाहीत, समजावून सांगितलंत. निंदणी-वेचणीत पाठ तासन्‌तास एकाच तऱ्हेने वाकलेली राहते आणि अंगाला विसावा मिळत नाही, त्याने माणूस थकतो. ताकद वाढवायची तर ओझं बेताबेताने वाढवायचं आणि मधल्या दिवशी स्नायूंना भरून यायला सवड द्यायची. हे इतकं सरळ मला कुणी सांगितलं नव्हतं. गुडघे दुखतात म्हटलं की "आता जड उचलू नका" एवढंच ऐकत आले होते.

सुरुवातीला तुम्ही वजनाला हातही लावू दिला नाहीत. पाठीला उभी काठी लावलीत. डोक्याचा मागचा भाग, खांद्यांच्या मधली पाठ आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी ती टेकलेली हवी. मग गुडघे जरा सैल सोडून कंबर मागे न्यायची. काठी जिथे सुटायची तिथे तुम्ही बोट टेकवायचात, काही न बोलता. ते जमल्यावर डंबेल आले, नंतर बार, म्हणजे वजनाचा लांब लोखंडी दांडा. आता तेलाचा पंधरा किलोचा डबा उचलताना पाठ आपसूक सरळ राहते आणि जोर मांड्यांतून येतो.

का करायचं तेही समजावलंत. तिशीनंतर दर दहा वर्षांनी स्नायू साधारण ३ ते ८ टक्के घटतात, साठीनंतर आणखी झपाट्याने. पाळी गेल्यावर हाडंही विरळ होऊ लागतात; त्यांच्यावर भार पडला तर ती तग धरतात. काम करणारा स्नायू इन्सुलिनवर अवलंबून न राहता रक्तातली साखर ओढून घेतो, हे कळल्यापासून माझ्या शुगरकडे मी वेगळ्या नजरेने बघते. (औषध बंद करा असं तुम्ही कधी म्हणाला नाहीत, त्याचेही आभार.) १९९० साली अमेरिकेत नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांकडून आठ आठवडे पायांचा असा व्यायाम करून घेतला, तर त्यांची ताकद दुपटीहून जास्त झाली, हे तुम्ही सांगितलंत त्या दिवशी आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर आजी ताठ बसल्या. खाण्याचंही तसंच. प्रोटीनच्या पावडरीचा आग्रह नाही. कळण्याच्या भाकरीत ज्वारीसोबत उडीद असतो, त्यावर दही आणि मूठभर शेंगदाणे घ्या म्हणालात.

पण माझं खरं देणं मनाचं आहे. आमचे हे गेल्यापासून घर खायला उठायचं. झोप नव्हती, कुणाशी बोलावंसं वाटत नव्हतं. तुम्ही सांत्वनाचे शब्द बोलला नाहीत, एक वही दिलीत : तारीख, वजन, किती वेळा. बार हातात असताना मन दुसरीकडे जाऊच शकत नाही. श्वास, पाय, पाठ, एवढंच उरतं. घरी आल्यावर गाढ झोप लागायची. वहीत मागच्या आठवड्यापेक्षा अर्धा किलो जास्त दिसला की माझ्या हातून अजून काही वाढू शकतं, हे कागदावर दिसायचं. पुढे वाचलं, २०१८ साली ३३ चाचण्यांचा एकत्र अभ्यास झाला आणि अशा व्यायामाने नैराश्याची लक्षणं कमी होतात असं त्यात दिसलं. मला ते आधीच ठाऊक झालं होतं, तुमच्यामुळे.

आणि ताई, उन्हाळ्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ कडे जातो, तेव्हा आमच्यासाठी तुम्ही पहाटे साडेपाचला व्यायामाच्या जागेचं कुलूप उघडत होतात. तुमच्या घरीही लहान मूल आहे, हे आम्हाला ठाऊक आहे.

सोमवारी नणंदेला घेऊन येते. तिचा खांदा आखडलेला आहे, तिलाही आधी काठीच द्या.

तुमची,
पहाटेच्या बॅचमधली काकू