आधी हे पत्र वाचा, मग खोका उघडा

पुणे,
रविवार, रात्री साडेदहा

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
सा. नमस्कार.

बाबा, मायना चुकला असेल तर लाल पेनाने दुरुस्त करा, पण पुढचं सगळं वाचा. फोनवर हे सांगायचा चार वेळा प्रयत्न केला. दर वेळी 'हां बोल, ऐकू येतंय का, हॅलो' यातच वेळ गेला आणि शेवटी तुम्ही 'बरं बरं' म्हणून ठेवून दिलात. तुमचं 'बरं बरं' मला चांगलं माहीत आहे. विहिरीच्या वेळीही तुम्ही 'बरं बरं'च म्हणाला होतात.

तेव्हा जे करून झालंय ते आधी सांगून टाकते. मी दुसरं नेट घेतलंय. पैसे भरलेत. गुरुवारी सकाळी त्यांचा मुलगा तार घेऊन येईल, त्याला चहा द्या आणि काम करू द्या. महिन्याला ४९९ आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५८९ रुपये. एवढे माझे इथे दोन वेळा बाहेर जेवलं की जातात, त्यामुळे पैशांचा विषय काढायचा नाही. आणि बाबा, जुनं बंद करत नाहीये. आपला केबलवाला तुमच्या हाताखाली शिकलाय, भर पावसात खांबावर चढतो, दिवाळीला घरी येऊन पाया पडतो, सगळं मान्य. त्याच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. पण त्याची तार फणसावरून आंब्यावर आणि आंब्यावरून आपल्या पन्हळीवर येते, आणि त्या वाटेवर वानरं झोके घेतात. तार तुटली की जोडायचं मशीन देवरुखाहून यायला दोन दिवस लागतात. नवी तार खालच्या वाडीकडून, रस्त्याच्या खांबांवरून येणार आहे. एक गेली तर दुसरी असेल, एवढंच. त्याला वाईट वाटेल असं वाटत असेल तर सांगा, पोरीला तिच्या ऑफिसच्या कामासाठी हवं होतं. खोटं नाही ते. गणपतीत पंधरा दिवस तिथूनच काम करायचा विचार आहे.

गेल्या आठवड्यात तिथे होते तेव्हा मी दिवसभर त्या नेटच्या डब्यासमोर बसलेली बघून आई दोनदा म्हणाली, 'आलीस कशाला, यंत्राशी बोलायला?' आई, तू तेव्हा चिडली होतीस, पण अर्धं कोडं तूच सोडवलंस. कालनिर्णयच्या मागे तू 'नेट गेलं' म्हणून वेळा लिहून ठेवल्या होत्यास ना, दुधाच्या हिशोबाखाली? सात वीस. सात पंधरा. पाच चाळीस. पुन्हा सात वीस. मी ते बघत होते आणि तू सहज म्हणालीस, 'पंप लावला की देव्हाऱ्यातला दिवासुद्धा मिणमिणतो गं.' सात वीसला बाबा पंप लावतात! मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट वीज ओढते, आपल्याकडे आधीच व्होल्टेज कमी, ते क्षणभर आणखी पडतं. बल्ब मिणमिणून सावरतो. डब्याला तेवढं सावरता येत नाही, तो बंद पडून पुन्हा सुरू होतो, आणि पूर्ण जागेवर यायला त्याला चार-पाच मिनिटं लागतात. तेवढ्यात बाबा येऊन त्याला एक चापट मारतात, बटण बंद करतात, चालू करतात, परत बंद करतात. मग ती चार मिनिटं वीस होतात.

खोक्यात जो काळा चपटा डबा आहे तो याच्यासाठी. राउटरचा छोटा यूपीएस म्हणतात त्याला. आपल्या डब्याच्या अ‍ॅडॅप्टरवर १२ व्होल्ट लिहिलंय, हाही १२ व्होल्टचा, बघून घेतलाय. पंप लावा, वीज जाऊ दे, नेटच्या डब्याला पत्ता लागणार नाही. इथे घरी लावून बघितला, साडेतीन तास चालला. गुरुवारी येणारा मुलगा जोडून देईल. त्याने 'लागत नाही हो काका' म्हटलं तरी लावून घ्या.

राहिलं दुसरं दुखणं, तुमच्या खोलीतलं. बाबा, ती पिवळी बारीक वायर तुम्ही खिळ्याला गुंडाळून वरून सुतळी बांधली होतीत. नीटनेटकं दिसावं म्हणून, कळतं मला. पण त्या वायरीत तांबं नसतं, केसाएवढी काच असते आणि तिच्यातून उजेड धावतो. घट्ट वळण दिलं की तो उजेड वळणावरच बाहेर सांडतो. मी असताना केबलवाल्याचा पोरगा उजेड मोजायचं मीटर घेऊन आला होता, आठवतंय? उणे २८ आकडा आला. उणे २७च्या पलीकडे गेलं की डबा हात टेकतो. त्याने सुतळी सोडली, टोक कापून नवीन हिरवी पिन बसवली आणि आकडा उणे २१वर आला. आता ती वायर भाकरीएवढ्या गोल वेटोळ्यात लोंबकळते, ती तशीच लोंबकळू द्या. वाईट दिसते, दिसू दे. आणि टोक कधी निघालंच तर डोळा लावून आत बघायचं नाही, तो उजेड दिसत नाही पण असतो.

आणि माजघर. आपल्या भिंती दीड हात जाडीच्या चिऱ्याच्या. त्यात तुमच्या टेबलाच्या पाठीमागे लोखंडी कपाट, त्याच्या मागे आईची खाट. वायफाय बिचारं कपाटालाच थडकतं. मोबाइलमध्ये आपल्या नावाची दोन वायफाय दिसतात, एकाच्या पुढे ५जी आहे. ते मोबाइलचं ५जी नव्हे बाबा. तुम्ही 'फाय-जी घेतलंय' म्हणून जोशीकाकांना सांगितलंत ते जाऊ दे. ते जोरात धावतं पण भिंतीपाशी दमतं. माजघरात आणि स्वयंपाकघरात साधं, बिनशेपटीचं नाव निवडायचं. नवीन डबा मी माजघराच्या दारावरच बसवायला सांगितलाय. भिंतीला भोक पाडायचं नाही, वाशांवरून वायर आत येईल, एकही कौल हलणार नाही. आई, तुझं कीर्तन आता खाटेवर पडून बघ. पडवीत जाऊन, मोबाइल खांबाला टेकवून, थंडीत बघू नकोस.

हे सगळं लिहिताना मला सारखा मांगरावरचा अँटेना आठवतोय. रविवारी सकाळी बाबा वर चढून बांबू फिरवायचे, आई खिडकीतून टीव्हीकडे बघायची आणि मी अंगणात मधोमध, निरोप्या. आई म्हणायची 'मुंग्या आल्या', मी ओरडायचे 'मुंग्याऽऽ'. बाबा फिरवायचे. 'आलं! गेलं! थांबा, थांबा, तिथेच!' एकदा मी चित्र बघण्यात रमले आणि 'थांबा' म्हणायचं विसरले, तुम्ही वर उन्हात कितीतरी वेळ बांबू धरून उभे. खाली आलात तेव्हा तळहात लाल झाले होते, पण रागावला नाहीत. 'चांगलं दिसत होतं ना?' एवढंच विचारलंत.

त्या मंगळवारचं मला लिहायचं नव्हतं. पण नाही लिहिलं तर मी हे एवढं का करतेय ते तुम्हाला कळणार नाही आणि तुम्ही म्हणाल, पोरगी पैसे उधळते.

त्या रात्री नऊच्या सुमारास मी आईला मेसेज टाकला, एकच टिक राहिली. फोन लावला, लागला नाही. मला वाटलं, नेट गेलं असेल. रोजच जातं. आणि मी झोपले. मावशीला मी सहा वेळा फोन लावल्याचं सांगितलं, तिने तुम्हाला सांगितलं, आणि आई तू त्यावर म्हणालीस की 'पोरीने किती प्रयत्न केला बघा.' मी दोनदाच लावला होता, आई. त्याच वेळी बाबा न्हाणीच्या दारात भोवळ येऊन बसले होते आणि तू पावसात, टॉर्च घेऊन, रेंजसाठी आंब्याखाली उभी होतीस. शेजारचे काका घरी होते म्हणून. सोडियमच उतरलं होतं, तीन दिवसांत घरी आलात, डॉक्टर चांगले भेटले, हे सगळं खरं आहे. तरी ती एक टिक माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. रोज नेट जात नसतं तर मी त्या एका टिकेने उठून बसले असते.

असो. बाबा, तुमची यात काडीची चूक नाही. 'नेट ठीक आहे' असं तुम्ही मला वर्षभर सांगत होतात ते मी काळजी करू नये म्हणून. पण आता सांगत जा.

आता जे सांगते ते ऐकायचं. दोघांच्याही मोबाइलमध्ये मी वायफाय कॉलिंग चालू करून ठेवलंय. म्हणजे घरात रेंज नसली तरी नेहमीच्या नंबरावरून नेहमीसारखा फोन लागेल. आंब्याखाली जायचं नाही. पण त्यासाठी डबा चालू हवा. म्हणून रात्री तो बंद करायचा नाही. बाबा, दहा वॅटचा डबा आहे, दिवसरात्र चालला तरी महिन्याला सात युनिटं होतात. ओटीवरचा बल्ब विसरून चालू राहतो त्यात यापेक्षा जास्त जातात. फक्त वीज कडाडायला लागली तर प्लग भिंतीतून काढून ठेवा, ते तुमचं बरोबरच आहे. यूपीएसवर डबा चालू राहील.

नेट गेलं तर आधी डब्यावरचे दिवे बघायचे. एलओएस नावाचा दिवा लाल लुकलुकत असेल तर दोष तारेत आहे, तुम्ही कितीही बटणं दाबलीत तरी उपयोग नाही. फोन करून सांगायचं, 'एलओएस लाल आहे.' एवढं म्हटलं की समोरचा माणूस 'रीस्टार्ट करून बघा' म्हणत नाही. तक्रारीचा नंबर मागून घ्यायचा, आई कॅलेंडरमागे लिहील. लाल नसेल, पीओएन नावाचा दिवा हिरवा स्थिर असेल आणि तरी चालत नसेल, तर एकदा बंद करा, तेरापासून सोळापर्यंतचे पाढे म्हणा आणि मग चालू करा. बाबा, सावकाश म्हणा, विद्यार्थ्यांना म्हणायला लावायचात तसे. चालू केल्यावर पाच मिनिटं हात लावायचा नाही. आणि मागच्या त्या बारीक भोकात आईच्या साडीची पिन कुणीही घालणार नाही. तिने डबा सगळं विसरतो, नाव, पासवर्ड, सगळं. मागच्या श्रावणात काय झालं ते मला केबलवाल्याने सांगितलंय, तुम्ही नाही.

कंपनीतून बोलतोय, नेट बंद होणार आहे, हे अ‍ॅप घ्या, ओटीपी सांगा, असं कुणी म्हणालं तर फोन ठेवून द्यायचा. शिष्टाचार म्हणून 'बरं बरं'सुद्धा म्हणायचं नाही. चुकून काही सांगून बसलात तर १९३० लावायचा आणि लगेच मला. मी रागावणार नाही.

बाबा, जेवणात मीठ डॉक्टरांनी सांगितलंय तेवढं घ्या, आपल्या मनाने बंद करू नका. न्हाणीत रबराची चटई टाकलीय, ती आई वाळत घालायला काढते आणि विसरते, तिला विचारत जा. आई, तुझी साखर या महिन्यात बघितलेली नाहीस. बघ. आणि सकाळी पंपाकडे बाबांना एकट्याला पाठवू नकोस. बरोबर जायला जमलं नाही तर निदान ओटीवर उभी राहा, दिसतील असे.

मला तिकडे येऊन राहा म्हणायचं तुम्ही दोघांनी कधीच सोडलंत, मीही तुम्हाला पुण्याला या म्हणायचं सोडलंय. तुम्हाला इथे चार दिवसांत कोंडल्यासारखं होतं, बघितलंय मी. बाबा गॅलरीत उभे राहून समोरच्या इमारतीचे मजले मोजतात. तेव्हा तिथेच राहा, तुमच्या आंब्याखाली, रेंजसाठी नाही, नुसतेच.

खोक्यात यूपीएसच्या खाली मेतकूट आहे, आई, तुझ्यासारखं नाही जमलं. लाडवांचा डबा बाबांपासून लपव. बाकी गणपतीत भेटू, कुंभार्ली घाट चालू असला तर दुपारच्या जेवणाला पोचेन, नाहीतर आंबा घाटाने संध्याकाळी. वाट बघत उपाशी बसू नका.

तुमची,
मनू

ता. क. शुक्रवारी सात वीसला पंप लावल्यावर मला फोन करा. नेट गेलं तर सांगा. नाही गेलं तरी सांगा.